पेणला दहावा मी

"ए तेल्या, सुट्टी पायजे तर जा ना तुझ्या त्या देशात! एवढासा देश, एक माणूस वाढला तर काय बिघडत नाय."

फोरमन बोलला आणि अख्खी शिफ्ट खिदळली. रोह्याची कंपनी, नव्वदीतली गोष्ट. माझ्या डब्यातलं जेवणारा दत्तूसुद्धा हसला. तेच जास्त लागलं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमचे वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. त्याची लाज कधी वाटली नाही. फोरमनच्या तोंडी मात्र ती शिवी होती.

मला एक दिवस हवा होता. दारफाळणीचा सण, आमचा प्रायश्चित्ताचा दिवस. पांढरे कपडे, कडक उपास, पाणीसुद्धा नाही, दिवसभर प्रार्थना. पण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. घरं एकेक करून तिकडे इस्राएलला निघून गेली, माझा सख्खा भाऊही गेला. पेण-रोहे मिळून आम्ही दहाच उरलो होतो. मी गेलो नाही, तर पेणच्या सिनेगॉगमध्ये नऊ म्हातारे नुसते बसून राहणार.

आगाऊ सांगितलं होतं. बदली माणूसही मीच शोधला. तरी ऐन आदल्या दिवशी नकार. मी फोरमनपुढे हात जोडले. होय, जोडले! आठवलं की अजून अंगाची आग होते.

वर साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, धर्म पाळायची मोकळीक घटनेनं दिलीय."

साहेब खुर्चीत रेलले. "घटना गेटाबाहेर. आत कंपनीचा कायदा."

दसऱ्याला याच कंपनीत मशीनला घालायचे हार मी आणायचो. पेढे मी वाटायचो. कुणाचा सण कधी परका मानला नाही. डोकंच फिरलं.

"मग मी गेटाबाहेर जातो," म्हटलं आणि निघालो. सण मावळतीलाच लागतो, त्याआधी पेण गाठलं. दहा भरले. प्रार्थना झाली.

परत गेलो तर माफीनामा तयार. सही केली नाही. बिनपगारी घरी बसवलं. दत्तू समजवायला आला, "कशाला ताणतोस रे? माफी माग नि मोकळा हो. तुमची माणसं तरी किती हायत?"

"मी एकटा उरलो तरी मागणार नाय," म्हटलं.

नंतर आणखी दोन घरं गेली. आता पेणला दहा भरत नाहीत. तरी दारफाळणीला मी कामावर जाणार नाही, कंपनी कुठलीही असो. सुट्टी मागणारही नाही. येत नाही, एवढंच सांगणार.