मास्तरांची गेलेली गल्ली

मास्तरांना लोक मास्तर म्हणायचे ते कपडे शिवण्यामुळे. पण रविवारी सकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर जमणाऱ्या नव्या मंडळींना ते निवृत्त शिक्षक वाटत, आणि हा गैरसमज दूर करण्याची घाई मास्तरांनी कधीच केली नाही. त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी तेवढी चुगली करायची. ती नसली की त्यांना शब्द सुचत नसत, त्यामुळे शहराच्या इतिहासावर बोलतानाही ती गळ्यात लागायचीच. कुणी टवकारून पाहिलंच तर ते म्हणत, "बघा बघा. कंबर वाढली असेल तर मलाच आधी कळतं."

इतिहासाकडे ते वळले तेही काही विद्वत्तेमुळे नव्हे. दुकान मुलाकडे दिल्यावरही ते रोज काउंटरपाशी बसायचे आणि पँट छोटी करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला जुनं शहर सांगायचे. गिऱ्हाईक अर्ध्या पँटवर ताटकळायचं. शेवटी सून गोड आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला एवढी माहिती आहे, तर ती जास्त लोकांपर्यंत पोहोचायला हवी." आपल्याला दुकानातून सन्मानाने हाकललं जातंय हे मास्तरांना तिथल्या तिथे कळलं. ते खूश होऊन वाचनालयात गेले.

वाचनालयाच्या बाई शहराच्या इतिहासावर व्याख्यानं ठेवायच्या आणि दर रविवारी एक पायी फेरी काढायच्या. चांगला चांगला माल मास्तर पोहोचण्याआधीच वाटून झाला होता. जुनं न्यायालय वकिलांकडे, घड्याळाचा मनोरा इंजिनियरांकडे, नदीवरचा पूल एका प्राध्यापकांकडे. मास्तरांच्या वाट्याला आली ती त्यांच्या लहानपणाची गल्ली, आणि ती तर रस्ता रुंद करताना कधीच पाडलेली. उरलं होतं एक वळण, चार दुकानं आणि एक पार्किंग.

मास्तर डगमगले नाहीत. ते एटीएमसमोर उभे राहून म्हणायचे, "इथे पूर्वी कमान होती." मोबाइलच्या दुकानासमोर म्हणायचे, "इथे पूर्वी हौद होता." प्रत्येक वाक्य 'इथे पूर्वी'ने सुरू व्हायचं, म्हणून बायकोने त्यांचं नावच इथेपूर्वी ठेवलं. घरी फोन आला की ती सांगायची, "इथेपूर्वी आहेत, पण आत्ता झोपलेत." मास्तर स्वतःच सगळ्यांना हा किस्सा ऐकवायचे. वर म्हणायचे, "माझ्या फेरीत बघण्यासारखं काहीच नसतं. त्यामुळे आजवर कुणाची निराशा झालेली नाही." गल्लीचा फोटो कुणाकडेच नव्हता. अभ्यासक म्हणून हीच त्यांची मुख्य सोय होती.

तरीही लोक यायचे, कारण मास्तर सांगायचे झकास. अंगठ्याने मोजपट्टी वर सरकवत ते कमानीची उंची हवेत उभी करायचे आणि ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप वर जायच्या. प्रश्नकाका नावाचे एक नेमाने येणारे गृहस्थ होते. खरं नाव काही वेगळं असेल, पण ते कुणी विचारायच्या आत तेच काहीतरी विचारायचे. मास्तरांची गल्ली आता त्यांनाही तोंडपाठ झाली होती.

आणि मग अक्का आली.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. गल्ली पाडली त्याच्या आदल्या वर्षी ती नर्सची नोकरी धरून दूर देशी गेली, ती तिकडचीच झाली. अधूनमधून यायची, सामान पुरतं उघडायच्या आत निघायची. त्या गल्लीबद्दल, त्या घराबद्दल तिच्या तोंडून मास्तरांनी एक चांगला शब्द ऐकला नव्हता. विषय काढला की ती म्हणायची, "झालं ते झालं," आणि चहाचा कप विसळायला उठायची. आता तिचे गुडघे गेले होते. पुन्हा एवढा प्रवास जमणार नाही, हे तिने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. मास्तरांना एकच हवं होतं. आपल्या फेरीत तिला न्यायचं, आणि 'आपलं घर छान होतं रे' एवढं तिच्या तोंडून ऐकायचं. साठी उलटलेल्या माणसाने याच्यासाठी रात्रभर जागावं का? पण मास्तर जागले, आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट दोनदा बदलून निघाले.

एटीएमपाशी त्यांनी घसा साफ केला. "इथे पूर्वी कमान होती. एवढी उंच, की उंटावर बसलेला माणूस मान न वाकवता आत यायचा."

"कुठला उंट?" मागून अक्का म्हणाली.

मंडळी वळली. अक्का काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. "बाबा सायकलवरून उतरून आत यायचे. डोक्याला लागायचं म्हणून."

"ती मागची कमान असेल, अक्का."

"मागे भिंत होती."

कुणीतरी हसलं. मास्तरही हसले, कारण अशा वेळी आपण आधी हसलं की कमी लागतं. "माझ्या थोरल्या भगिनी," त्यांनी ओळख करून दिली, "आज आपल्याला त्यांचाही लाभ होणार आहे." लाभ होणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

मोबाइलच्या दुकानापाशी त्यांनी सावधपणे सुरुवात केली. तळ्याएवढा हौद त्यांनी आवरता घेऊन मोठा हौद केला. "उन्हाळ्यात लोक त्यात पोहायचे," ते म्हणाले.

"तू पोहायचास," अक्का म्हणाली. "बाकीचे पाय धुवायचे."

आता मंडळी मोकळेपणाने हसली. पुढच्या कोपऱ्यावर बेकरीवाल्याची गोष्ट यायची होती. मास्तरांच्या फेरीतला तो पहिलवान होता, एका हाताने पिठाचं पोतं उचलणारा. या खेपेस प्रश्नकाकांनी मास्तरांना विचारलंच नाही. ते थेट अक्काकडे वळले. "ताई, बेकरीवाला केवढा होता?"

"माझ्या खांद्याला लागायचा बिचारा," अक्का म्हणाली.

प्रश्नकाकांचा चेहरा उतरला. इतक्या रविवारांचा त्यांचा पहिलवान गेला होता. वाचनालयाच्या बाई उगाच चष्मा पुसू लागल्या. मास्तर मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि अक्काने त्यांच्याकडे बघून, जरा हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मोठं काही नव्हतं रे तिथे, बाळ्या. तू लहान होतास."

हे इतकं सरळ होतं की मास्तरांना ते आजवर सुचलं नव्हतं, याचीच त्यांना लाज वाटली. जन्मभर लोकांची मापं घेतली. लहान मुलाचा शर्ट कापताना वाढत्या अंगासाठी जादा कापड आत सोडायचं, हे त्यांनी मुलाला, सुनेला, शिकाऊ कारागिरांना बजावून सांगितलं. आणि स्वतःची गल्ली मात्र सात वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी मोजून, तीच लोकांना विकत बसले. उंट तर त्यांना कुठून मिळाला हेच आठवेना. इंजिनियरांचा मनोरा निदान जागेवर तरी आहे, त्यांच्या मनात आलं. शिंप्याने मापात चुकावं, याहून जास्त नाचक्की काय असते?

पुढे पार्किंग होतं. त्यांचं घर तिथे होतं. फेरीचा शेवट तिथेच व्हायचा, आणि तोच मास्तरांचा खरा हातखंडा होता. लांबलचक व्हरांडा, डोळे फिरतील असा जिना, अंगणातलं आभाळाला टेकलेलं झाड. ऐकणारे दोन गाड्यांच्या मधल्या डांबराकडे बघत राहायचे. याच जागेसाठी त्यांनी अक्काला एवढं चालवत आणलं होतं. आता त्यांना वाटलं, तिने इथून लवकर घरी जावं आणि आपणही जावं.

"इथे," मास्तर म्हणाले आणि थांबले. "इथे पार्किंग आहे. फेरी संपली. सगळ्यांचे आभार."

मंडळी हलली नाहीत. बाई म्हणाल्या, "मास्तर, घराचं राहिलं."

"ते काही विशेष नाही. दोन खोल्या होत्या."

"दोनच होत्या," अक्का म्हणाली. काठी टेकत ती पुढे आली आणि एका निळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून उभी राहिली. "रात्री पाय लांब केले की माझे भिंतीला लागायचे. कूस बदलायची तर तुला उचलून बाजूला ठेवावं लागायचं. म्हणून तर गेले मी. मला तेवढंच आठवतं, बाळ्या. दरवेळी तू विषय काढतोस आणि मला ती भिंतच आठवते." तिने बॉनेटवरचा हात उचलला नाही. "माझं घर मला माहीत आहे. तुझं सांग. तुझं मोठं होतं ना?"

मास्तरांना आधी वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना भडभडून आलं. इतकी वर्षं आपण तिच्याकडून एक शब्द मागत होतो, आणि तिच्याकडे तो नव्हताच, हे त्यांना आत्ता कळत होतं.

ते सांगू लागले. व्हरांडा सांगितला. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला पोहोचायला वेळ लागायचा, असा. जिना सांगितला, तो दोन खोल्यांच्या घरात कुठून कुठे जायचा याचा विचार न करता. झाडाची उंची दाखवताना मोजपट्टी वर सरकवली आणि यावेळी ती खाली घेतली नाही. प्रश्नकाकांनी तोंड उघडलं, पण बाईंनी त्यांचा दंड धरला. अक्का डोळे मिटून ऐकत होती. एकाही ठिकाणी ती 'नाही' म्हणाली नाही.

मास्तर थांबले तेव्हा तिने विचारलं, "आणि आई?"

आई गेली तेव्हा अक्काला येता आलं नव्हतं. त्याबद्दल दोघं कधीच बोलले नव्हते.

"आई कशी दिसायची तिथे?" अक्काने पुन्हा विचारलं. "केवढी होती?"

आईचे कपडे शेवटपर्यंत मास्तरांनीच शिवले होते. तिची मापं त्यांना झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती. ती त्यांच्या छातीला लागायची, आणि शेवटच्या वर्षी तर तीही उंची राहिली नव्हती, शिवलेल्या कपड्याला पुन्हा दुमड घालावी लागली होती.

"आई उंच होती," मास्तर म्हणाले. "दारातून आत येताना वाकायची."

मंडळी अक्काकडे बघू लागली. तिने डोळे उघडले, धाकट्या भावाकडे नीट पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "उंचच होती."