शेवटचा सूर

दुपारच्या चहानंतर आरामखुर्चीत क्लेमंटचे डोळे जड होतात. मांडीवर त्याने स्वतः रचलेलं, शाईने लिहिलेलं स्तोत्र उघडं पडलंय. संध्याकाळी ते कॅथीड्रलमध्ये बर्नार्डच्या स्मरणार्थ गायचं आहे. तिथल्या गायकवृंदात दोघांनी शेजारी उभं राहून उभा जन्म खर्ज लावला. लांबलचक सुरावर एकाने चोरून श्वास घ्यायचा, तेवढा वेळ दुसऱ्याने सूर धरायचा, हा त्यांचा रिवाज. आता बर्नार्डच्या जागी फ्रँक उभा राहतो आणि क्लेमंट त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. शेवटचा सूर म्हणे मी एकटाच धरणार. हट्टीपणाला औषध नाही.

तो सूर तर चालूच आहे. क्लेमंट वृंदाच्या लाकडी कठड्याने बंदिस्त बाकात उभा आहे, बाकाचं दार लागलंय आणि त्याला कडीच नाही. सूर संपत नाही. आपण थांबलो की बर्नार्ड कायमचा जाईल, एवढं त्याला पक्कं ठाऊक आहे.

तो दार ढकलतो. पलीकडे हॉस्पिटलची खोली, तिला खिडकी नाही. कॉटवर बर्नार्ड बडीशेपेची गोळी चघळत बसलाय.

"किती ताणशील?"

"तू आहेस तोवर." सूर न सोडता क्लेमंटला बोलता येतंय.

"मी नाहीये रे, क्लेम."

आता ते क्लेमंटच्या स्वयंपाकघरात आहेत. भिंती जवळ येताहेत. छाती फुटेल असं वाटतंय आणि त्याला भयंकर भीती वाटतेय.

"इथे श्वासाची खूण का नाही केलीस?" बर्नार्ड स्तोत्राच्या कागदावर वाकतो.

"कुणाच्या भरवशावर करू?"

"फ्रँकच्या. जरा ओरडतो, पण सुरात असतो." बर्नार्ड कानामागची पेन्सिल काढतो. "घे श्वास. मी धरलाय."

"आणि तू सोडलास तर?"

"सोडणारच. पण तू घेतल्यावर."

क्लेमंट श्वास घेतो. सूर तुटत नाही.

त्या श्वासानेच त्याला जाग येते. गाल ओले आहेत. शाईने लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर पेन्सिलीची छोटीशी खूण आहे, बर्नार्ड करायचा तशीच तिरकी. क्लेमंट तिच्यावरून बोट फिरवतो. बोटाला शिसं लागतं.

तो फोन उचलतो.

"फ्रँक, आज शेवटच्या सुरावर मी मध्येच श्वास घेणार आहे. तेवढा वेळ धरशील?"