ढगाखालची तंबाखू

माझा मुलगा बंगळूरला उपग्रहाच्या कामावर होता. आकाशातून हवेची उष्णता आणि दमटपणा मोजणारं यंत्र तिथं तयार होत होतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. बोरगावात आमच्या गल्लीत एवढंच पोचलं, की हा वरनं पाऊस बघतो.

एका सुगीत तो आला तेव्हा कापलेली तंबाखू रानात वाळत पडली होती. वाळलेलं पान पहाटेच्या दवानं मऊ झाल्यावरच गोळा करायचं. कोरडं उचललं तर चुरा होतो. त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. ढग असला की दव पडत नाही. उचलावी तर चुरा, ठेवावी तर पावसाची भीती.

पाऊस येईल का, हे विचारायला शेजारच्या रानाचे आप्पा चारचौघांना घेऊन आमच्या सोप्यात आले. मुलगा सांगत राहिला, की यंत्र अजून वर गेलेलंच नाही. जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते, ती त्या यंत्राला कळते. ढग ती ऊब अडवतो, म्हणून दव पडत नाही आणि यंत्रालाही ढगाखालचं कळत नाही. मला ते पटलं. आप्पांना वाटलं, पोरगं भाव खातंय.

"एवढं शिकलास, आन् आमास्नी येवढं सांगायला जड जातंय व्हय रं?"

मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "पहाटेपर्यंत ढग जातील असं वाटतंय, आप्पा."

सगळ्यांनी तंबाखू तशीच ठेवली. मीही. पहाटे पाऊस आला आणि पान काळं पडलं.

भांडायला कुणी आलं नाही. आप्पा बांधावरनं एवढंच म्हणाले, "आक्का, तुझ्या लेकाचा ढग गेला न्हाय गं."

पुढच्या साली माझ्याशी कुणी पैरा केला नाही. पैरा म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मी जाऊन उभी राहिले तर बायका म्हणायच्या, माणसं पुरेशी हायती. नवरा आधीच गेलेला. मी एकटीच पान गोळा करायची. गाठोडं बांधताना दुसरं टोक धरायला कुणी नसायचं, ते गुडघ्याखाली दाबायची.

हे कळल्यावर मुलगा रजा काढून आला. निपाणीच्या स्टँडवरच मी त्याला गाठलं.

"सुगीत येत जाऊ नगंस. तू दिसलास की लोकास्नी ती काळी तंबाखू आठवतीया. उन्हाळ्यात ये."

एकटी कशी करशील, असं त्यानं विचारलं. करते की, म्हटलं. समोर बेळगावची गाडी लागली होती. तो तिच्यात बसला.

पुढं यंत्र वर गेलं. तो दर उन्हाळ्यात यायचा, दोन दिवस घरातच बसून जायचा. सुगीत कधी आला नाही. मला वाटलं होतं, ऐकणार नाही.