साठला पंचावन्न

लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना माझं शिक्षणच नडलं. तरी तुम्ही वाचावं असं वाटतं.

पिंपळगावला हायवेलगत ट्रकचे मीटर दुरुस्त करणारे एक बाबा होते. माझा बसथांबा त्यांच्या दुकानासमोर. ट्रकला मोठे टायर बसवले की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. तो जुळवून द्यायचं त्यांचं काम. मीटरच्या काचेवर नख वाजवून ते म्हणायचे, "चला, दगडाला इचारू." मग ड्रायव्हरशेजारी बसून, काटा साठवर ठेवायला लावून, किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळात सेकंद मोजायचे.

हे मोबाइलवरही कळतं, असं मी एकदा चाचरत सांगितलं.

"त्याला रेंज लागती, मास्तर. दगडाला नाय लागत."

फेब्रुवारीत द्राक्षांचा एक ट्रक आला. ड्रायव्हर नवखा. मीटरचा भाग मिळायला वेळ होता, म्हणून तोवर चिठ्ठी चिकटवायचं ठरलं. बाबांना आकडे वाचता येत, अक्षरं नाही. दगड मोजून आले आणि मला म्हणाले, "लिही. साठला पंचावन्न."

मी वळणदार अक्षरात लिहिलं : काटा ६०, खरा वेग ५५. बाबांनी आकडे पाहून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचावन्न म्हणजे सेकंद. साठच्या वेगाला किलोमीटरला साठ सेकंद लागतात; इथे पंचावन्नच लागले, म्हणजे वेग पासष्टच्या वर. माझी चिठ्ठी त्या पोराला सांगत होती, तू हळू चाललायस. आणि पुढे घाट होता.

मी परत फिरलो, बाबांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं.

"चिठ्ठी माझ्या दुकानातली हाय," एवढंच म्हणाले.

ड्रायव्हरचा नंबर कुणाकडेच नव्हता. बाबा रोज दुकान बंद करून गावाबाहेरच्या दगडापाशी उभे राहू लागले, त्या ट्रकची वाट बघत. मी सोबत थांबलो तर हाकलायचे. "परीक्षा दे जा. अक्षर चांगलं हाय तुझं."

एप्रिलच्या उन्हात ते तिथेच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मे महिन्यात तो ट्रक आला. मालकाने इतके दिवस गुजरातच्या फेऱ्यांना लावला होता. चिठ्ठी मीटरखाली तशीच होती. मी कशीबशी माझी चूक सांगितली.

ड्रायव्हर हसला. "अक्षरं कोण वाचतंय, दादा? बाबांचा आकडा सेकंदाचा असतो, हे गाडी शिकवणाऱ्या उस्तादनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं."

मग बंद शटरकडे बघून म्हणाला, "दगडाकडं गेलेत का?"