तीन नंबरच्या खिडकीतले कारकून

मार्चचा पहिला सोमवार. लेकीची हजेरी एकसष्ट टक्के, परीक्षेला हवी पंचाहत्तर. कर्वेनगरच्या कॉलेजात खिडकीसमोर मी आणि संधिवातामुळे कुबड्या घेऊन चालणारी माझी मुलगी, पलीकडे कारकून. वर्षभर पाहतोय, चष्मा कपाळावर ठेवून ते वाचतात आणि कागदाकडे बघूनच उत्तर देतात.

"अपंगांना सवलत आहे. आजाराचे दिवस धरत नाही. सगळे आजाराचेच ना?"

मी हो म्हणणार, तोच मुलगी म्हणाली, "दोन दिवस मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मग त्या दोन दिवसांचा दंड पडेल. बाकीची पोरं भरतात तसाच."

"भरते की," ती खुशीत म्हणाली.

परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. दंडाचे वीस रुपये तिने स्वतःच्या पर्समधून काढून त्यांच्या हातात दिले.