उंटापुढचं प्यादं

आमची बायको बुद्धिबळात दुसऱ्याच चालीला एक प्यादं फुकट देऊन टाकायची. राजाच्या बाजूच्या उंटापुढचं. त्यानं आपलाच राजा उघडा पडतो. पण तिला सांगून उपयोग नव्हता.

कशेळ्याजवळच्या आश्रमशाळेत ती स्वयंपाक करायची, म्हणून पोरं आणि मग अख्खं गाव तिला मावशी म्हणायचं. तिथले सर पोरांना बुद्धिबळ शिकवत. ही तांदूळ निवडता निवडता शिकली आणि घरी येऊन मला शिकवलं. मी जीप चालवणारा, चौथी पास. पण सांभाळून खेळायचो, म्हणून जिंकायचो. "एवढी घाई कशाला गं तुला?" म्हटलं की म्हणायची, "दिवसभर भाकऱ्याच थापते. हितं तरी धावू द्या."

एकदा तिला खालापूरला स्पर्धेला नेलं. समोर एक निवृत्त कारकून. चहा यायच्या आत त्यानं हरवलं आणि वर सांगितलं, "मावशी, हा मोठ्या खेळाडूंचा डाव. आपल्यासारख्या हौशी लोकांनी खेळू नये." ही म्हणाली, "पन्नाशी उलटली माजी. आनखी किती मोठी होऊ?" सगळे हसले. परतताना जीपमध्ये, कर्जत मागे पडल्यावर म्हणाली, "याच डावानं एकदा तुमाला हरवीन. खरंखुरं."

मग पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. उशीला टेकून खेळायची. तरी प्यादं देणारच. एक दिवस मला बघवेना. मी मुद्दाम हत्ती मोकळा सोडला.

तिनं हत्तीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्यो तुमी दिला. मी घेतला नाय."

"चुकलो गं."

"इतक्या वर्सांत कदी नाय चुकलात. मरते म्हणून जिंकवता काय?" तिनं पट सारला. "ह्यो डाव धरायचा नाय."

चार दिवसांनी गेली. मधे एकही डाव झाला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी तो डाव पुन्हा मांडला, मी हत्ती सोडला तिथपर्यंत. हत्ती जागेवर ठेवून खेळून पाहिलं. राजा इकडे नेला, तिकडे नेला, वजीर आडवा घातला. दर वेळी मात. तिचा उंट आणि वजीर असे रोखलेले होते की मला वाटच नव्हती. ती जिंकतच होती. पण ते तिलाही दिसलं नाही, कारण मी तिला हत्ती बघायला लावला. नुसतं नेहमीसारखं खेळलो असतो तरी झालं असतं.

मी हरलो होतो, एवढंच तिला सांगायचं राहिलं.