तोडीवर गेलेल्या बायांचे आकडे

सिंधु मुखेडकडची. आई-बाप दरसाल ऊसतोडीला जायचे. ती मावशीकडे राहून शिकली. सर्वेक्षणात जी माहिती हाती लागतच नाही तिचं काय करायचं, यावर तिनं संख्याशास्त्रात पीएच.डी. केली, तरी नांदेडच्या कॉलेजात तासिकेवरच शिकवत होती. लातूरच्या एका संस्थेला नेमका याच विषयातला संशोधक हवा होता. ती मुलाखतीला गेली.

समोर प्रकल्पप्रमुख शेषेराव सर आणि उदगीरहून आलेल्या तज्ज्ञ पार्वतम्मा मॅडम.

"गावोगावच्या बायांचं हिमोग्लोबिन आम्ही दोनदा तपासलं," सर म्हणाले. "दुसऱ्या खेपेला, गेल्या जानेवारीत, पुष्कळजणी सापडल्याच नाहीत. त्या रिकाम्या जागी बाकीच्यांची सरासरी भरायची आणि अहवाल द्यायचा."

"कुठं गेल्या होत्या त्या?"

"असतील कुठंतरी. आपल्याला काय करायचंय?"

सिंधुच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुठंतरी न्हाई सर, तोडीला गेल्या! माझी माय बी त्यातच हाय. घरी राहिलेल्यांचे आकडे यांच्या नावावर चढवले की सगळ्याच धडधाकट दिसतील. मंग रक्तवाढीच्या गोळ्या कुणाला देणार?"

"आवाज खाली. नोकरी मागायला आलात तुम्ही."

"सरासरीच काढायची तर पीएच.डी.वाला कशाला मागवता? बारावीचं पोरगं बी काढतंय ती."

पार्वतम्मांनी शांतपणे विचारलं, "तू काय करशील?"

"तोडीवाल्यांच्या तळावर जाऊन त्यातल्या थोड्या तरी जणींचं रक्त तपासीन. त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधीन. अन् तो किती चुकू शकतो, ते बी लिहीन."

मॅडमनी तिलाच पहिला नंबर दिला. सरांनी 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा मारला. त्यावर मॅडमनी सही केली नाही. पुन्हा जाहिरात निघाली. या खेपेला मॅडमना बोलावलंच नाही आणि सरांच्याच विद्यार्थ्याची निवड झाली.

मॅडमनी फोन केला. "रडून राहिलीस का?"

"न्हाई. शिव्या देऊन राहिले."

"दे. आणि फेब्रुवारीत मोकळी राहा."

फेब्रुवारीत परवानगी काढून, नर्सला सोबत घेऊन दोघी साखर कारखान्याच्या तळावर गेल्या. पहिल्याच बाईनं हात मागं ओढला. "रक्त नेऊन करता काय?"

सिंधु तिच्याजवळ उसाच्या पाचटावर बसली. राग अजून उतरला नव्हता. "काकू, तोडीवरच्या बाया धडधाकट हायत म्हणून लिहून राहिले लातूरला."

"कोण मुडदा लिहितो?" म्हणत बाईनं बाही वर सारली.